मूसाराम कोण होता? मलकपेठेच्या वाटेवरची एक सहल

गणपती बसले की आरतीनंतर मंडपात ज्या गप्पा रंगतात, त्यांत प्रवासाचा विषय हमखास निघतो. आता आपल्यातली मंडळी टूर कंपन्यांबरोबर थेट स्पेनपर्यंत जाऊन येतात. कोर्दोबाची मशीद आठव्या शतकात बांधायला घेतली. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाने जिंकल्यावर तिचे चर्च झाले आणि पुढे तिच्या मधोमध कॅथेड्रल उभे राहिले. तिथला गाईड कमानीही दाखवतो आणि वेदीही. कोण जिंकले, कोण हरले हे सांगतो, पण एकाचे दाखवून दुसऱ्याचे झाकत नाही. ग्रानादाला अल्हंब्राचा राजवाडा पाहताना मान वर केली, तर सिएरा नेवादाची बर्फाळ शिखरे दिसतात. जुने शहर आणि निसर्ग दोन्ही एकाच सहलीत पाहून होतात.

असे काही आपल्याकडे नाही, असे म्हणण्याआधी आपण मलकपेठेतून एकदा बाहेर पडून पाहावे, असे आम्हांला सुचवायचे आहे. पाहुणे आले की आपण त्यांना चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग दाखवतो. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहूनही स्वतःच्या पेठेत मात्र कोणाला नेत नाही. मलकपेठ मध्ये धरली, तर तिच्या एका हाताला चादरघाटापलीकडची कोठी आहे आणि दुसऱ्या हाताला मूसारामबाग, दिलसुखनगर, एल. बी. नगर आणि वनस्थळीपुरम. एवढ्या एका वाटेवर दिवसभराची सहल होते, आणि तिच्यातली गोष्ट आपलीच आहे.

मेट्रोत बसल्यावर ‘मूसारामबाग’ ही घोषणा आपण रोज ऐकतो. हा मूसाराम कोण, असे मुलांनी विचारले तर किती घरांत उत्तर मिळेल? त्याचे खरे नाव मिशेल जोआकिम रेमंड. तो १७५५ मध्ये फ्रान्सच्या गॅस्कनी प्रांतात जन्मला, नशीब काढायला हिंदुस्थानात आला आणि दुसरा निजाम, निजाम अली खान याच्या फौजेत चढत चढत मोठा सेनानी झाला. त्याने निजामाच्या पलटणींना युरोपी कवायत शिकवली आणि तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. शहरातला ‘गनफौंड्री’ हा भाग त्याचीच आठवण आहे. हैदराबादच्या मुसलमानांनी त्याला ‘मूसा रहीम’ केले आणि हिंदूंनी ‘मूसा राम’. आस्मानगढच्या टेकडीवर त्याची समाधी आहे. काळ्या दगडाचा, वर निमुळता होत गेलेला, सुमारे २३ फूट उंचीचा स्तंभ आणि त्यावर ‘जे. आर.’ ही अक्षरे. पूर्वी त्याच्या पुण्यतिथीला इथे उरूस भरत असे.

आता आपल्याशी असलेला त्याचा संबंध पाहू. शाळेच्या पुस्तकात आपण खर्ड्याची लढाई वाचली. ११ मार्च १७९५. एका बाजूला सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीसांची मसलत, परशुरामभाऊ पटवर्धनांचे सेनापतित्व, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले. दुसऱ्या बाजूला निजाम, आणि त्याच्या फौजेचा कणा म्हणजे हाच रेमंड. रेमंडच्या पलटणी त्या दिवशी टिकून लढत होत्या, पण निजामाने माघारीचा हुकूम दिला. रात्रीत फौज विस्कटली आणि निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. तहात मोठा मुलूख, दौलताबादचा किल्ला आणि सुमारे तीन कोटी रुपये कबूल झाले. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क याला मराठ्यांच्या हवाली करून पुण्याला न्यावे लागले.

या टेकडीवर मुलांना घेऊन गेले की एक प्रश्न ठरलेला असतो: “म्हणजे हा आपल्या विरुद्ध लढला ना? मग आपण याच्या समाधीला कशाला आलो?” प्रश्न रास्त आहे. ‘तो शत्रू होता’ असे म्हणून मोकळे होणे सोपे, आणि ‘ते सगळे जुने झाले’ असे म्हणून विषय टाळणे त्याहून सोपे. पण ज्या किल्ल्यात निजाम अडकला, तो निजामाच्याच चाकरीतल्या निंबाळकर सरदारांनी बांधलेला होता, हेही मुलांना सांगायला हवे. निजामाच्या दरबारात मराठी सरदार होते, दफ्तरांत मराठी माणसे होती. त्या ‘विरुद्ध’ बाजूलाही आपली माणसे होती, आणि आपल्यातल्या कित्येक घराण्यांचे हैदराबादेत येणे त्याच चाकरीशी जोडलेले आहे.

गोष्टीचा पुढचा भाग कोठीला सांगावा. मार्च १७९८ मध्ये रेमंड वारला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि फ्रेंचांच्या हाताखालील फौज मोडून टाकण्याचे मान्य केले. ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी त्या पलटणींना घेरले आणि सुमारे चौदा हजार शिपायांनी शस्त्रे खाली ठेवली. तेव्हा इंग्रजांचा वकील होता जेम्स ॲकिलीस कर्कपॅट्रिक. त्याने पुढे कोठीला रेसिडेन्सीची भव्य इमारत उभारली. उंच खांब, रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांशी बसलेले दोन सिंह. आपल्यातल्या अनेक लेकीसुनांनी याच वास्तूतल्या महिला महाविद्यालयात शिक्षण घेतले.

त्या पायऱ्यांवर उभे राहून मुलांना एकच हिशेब करायला सांगावा. खर्ड्याला मराठे जिंकले १७९५ मध्ये. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले. १८०० मध्ये नाना गेले. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला दुसऱ्या बाजीरावाने तशाच तैनाती फौजेच्या तहावर सही केली. हरलेल्या निजामाने सही केली तीन वर्षांनी, जिंकलेल्या पेशव्याने आठ वर्षांच्या आत. दोघे एकमेकांना मोजत राहिले आणि दोघांचेही माप तिसऱ्याने काढले. ही गोष्ट पुण्याच्या शनिवारवाड्यापाशी निम्मी कळते. उरलेली निम्मी कळायला आपल्या मलकपेठेत यावे लागते.

दुपारी डबे खाऊन विजयवाडा रस्त्याने वनस्थळीपुरमला निघावे. तिथले महावीर हरिण वनस्थळी हे एके काळी निजामांचे शिकारीचे रान. १९७५ मध्ये भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षानिमित्त त्याला हे नाव मिळाले. सुमारे साडेतीन हजार एकरांचे हे राष्ट्रीय उद्यान आता शहराच्या वस्तीने वेढले आहे. तरी उन्हे कलली की काळविटांचे कळप माळावर दिसतात, मोर ओरडतात. ज्या जनावरांच्या मागे एके काळी बंदुका लागत, ती तिथे आता निर्धास्त चरतात. सकाळपासून लढाया आणि तह ऐकून कंटाळलेली पोरे इथे खुलतात, म्हणून हा टप्पा शेवटी ठेवावा.

अशा सहलीला सोबत जाणता माणूस मात्र हवा. नाहीतर समाधी म्हणजे नुसता दगड आणि रेसिडेन्सी म्हणजे फोटो काढायची जागा. तो माणूस बाहेरून आणायची गरज नाही. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, मोडी वाचणारे आहेत, उर्दू सहज बोलणारे ज्येष्ठ तर घरोघरी आहेत. स्पेनच्या गाईडला जे पगारावर करावे लागते, ते आपल्या आजोबांना हौसेने करता येईल. एकानेही खर्डा, रेमंड आणि वसई या तीन गोष्टी नीट सांगितल्या, तरी पंचवीस-तीस जणांची सहल सार्थकी लागते.

पावसाळा सरला की, दिवाळीच्या सुटीतला एखादा रविवार यासाठी धरावा. समाधीला सकाळी लवकर जावे, कारण टेकडीवर सावली थोडी. पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि दशमी-चटणी बरोबर असावी. आणि घराघरांतल्या ज्येष्ठांना आग्रहाने न्यावे. मुलांचे प्रश्न त्यांच्यासाठी राखून ठेवावेत.