घरगुती जलतापन व्यवस्था

घरात मुख्यतः स्नानासाठी आणि काही प्रमाणात धुण्या-भांड्यांसाठी लागणारे पाणी तापवणे, ते तापलेले राखणे आणि वापराच्या जागी पोहोचवणे यांसाठी केलेल्या एकूण योजनेस घरगुती जलतापन व्यवस्था म्हणतात. तांब्याचा बंब, विजेचा रॉड, साठवणीचा गीझर, तत्काळ तापवणारा गीझर, गॅस गीझर, सौर जलतापक आणि अलीकडे उष्णता पंप ही महाराष्ट्रातील घरांत आढळणारी तिची प्रमुख साधने होत. साधनाला पुरवलेल्या ऊर्जेपैकी जेवढी ऊर्जा पाण्यात उतरते त्या प्रमाणास साधनाची कार्यक्षमता म्हणतात. परंतु घराची प्रत्यक्ष ऊर्जाबचत एवढ्या एका आकड्यावर ठरत नाही. पाणी किती व कोणत्या वेळी लागते, ते किती लांबून येते आणि ऊर्जा मुळात कशापासून निर्माण होते, यांचा परिणाम पुष्कळदा साधनाच्या गुणवत्तेपेक्षा मोठा असतो, म्हणून निवडीचा विचार घरापासून सुरू करणे श्रेयस्कर ठरते.

एक लिटर पाण्याचे तापमान १° सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ४.१९ किलोजूल उष्णता लागते आणि विजेचे एक युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास, ३,६०० किलोजूलांइतके असते. या हिशेबाने २२° तापमानाचे २० लिटर पाणी ४२° पर्यंत नेण्यास अर्ध्या युनिटाहून किंचित कमी ऊर्जा पुरते, तर मिनिटाला ८ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली ८ मिनिटे स्नान केल्यास ६४ लिटर पाणी आणि सुमारे दीड युनिट ऊर्जा खर्च होते. चार माणसांच्या घरात बादली-तांब्याने स्नान होत असेल तर दिवसाची गरज दोन युनिटांच्या आत राहते, शॉवरने तीच सहा युनिटांपर्यंत जाते. एवढा मोठा फरक साधन बदलूनही क्वचितच साधतो. गरजेला ऋतूचीही मर्यादा आहे. नाशिक, पुणे, नागपूर या भागांत हिवाळ्यात रात्रीचे तापमान १०° च्याही खाली उतरते आणि गच्चीवरील टाकीतले पाणी पहाटे बोचरे गार असते. कोकण किनाऱ्यावर मात्र हिवाळा सौम्य असून पाणी कोमट करण्यापुरतीच ऊर्जा लागते. मे महिन्यात तर बहुतेक ठिकाणी गच्चीवरील टाकीच उन्हाने तापलेली असते.

वीज येण्यापूर्वी पाणी चुलीच्या वैलावर, म्हणजे मुख्य जाळाच्या बाजूला असलेल्या दुसऱ्या तोंडावर, हंडा ठेवून तापवले जाई. स्वयंपाकाचा जो जाळ एरवी वाया जाणार तोच तेथे कामी येई. न्हाणीत वेगळी चूल बांधून तीत तांब्याचे मोठे भांडे कायमचे बसवण्याचीही पद्धत होती व गोव्यात अशा भांड्यास भाण म्हणतात. बंबाची रचना याहून पुढची आहे. त्याच्या मधोमध उभे नळकांडे असते, त्यात जळण घालतात, भोवतीच्या पोकळीत पाणी असते आणि खाली तोटी असते. ज्वाला व तप्त वायू पाण्याने वेढलेल्या नळकांड्यातून वर जात असल्यामुळे उघड्या चुलीपेक्षा अधिक उष्णता पाण्यात उतरते. पारंपरिक चुलीत लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो असे मानले जाते. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या, तर कोकणात झावळ्या, सोडणे व करवंट्या हे जळण शेतातून वा परसातून विनामूल्य मिळते, त्यामुळे बंब आजही टिकून आहे. जळण फुकट असले तरी धूर फुकट नसतो. तो बहुधा घरातील स्त्रीच्या छातीत जातो, आणि म्हणून बंब न्हाणीच्या बाहेर उघड्या पडवीत असणे, किंवा त्याला छपराच्या वरपर्यंत धुराडे असणे, अत्यावश्यक आहे.

विजेवर चालणाऱ्या सर्व साध्या साधनांत विद्युत्‌ रोधाचे तत्त्व वापरतात: प्रवाहाला विरोध करणारी तार तापते व तिची उष्णता आवरणातून पाण्यात जाते. येथे जवळजवळ सर्व वीज उष्णतेत बदलते, त्यामुळे स्वस्तातला रॉड आणि महागडा गीझर यांच्या तापवण्याच्या कार्यक्षमतेत नावापुरताच फरक असतो. खरा फरक सुरक्षिततेचा आणि साठवणीचा आहे. रॉड बादलीत बुडवलेला असताना पाण्याला हात लावल्यास प्राणघातक धक्का बसू शकतो, म्हणून लहान मुले असलेल्या घरांत तो टाळावा हे उत्तम. गीझरसाठीदेखील भारतीय मानक चिन्ह, चांगली भूजोडणी आणि गळती प्रवाह ३० मिलीअँपिअरपर्यंत जाताच वीज तोडणारा स्वयंचलित खटका या तीन गोष्टींबाबत तडजोड नसावी.

साठवणीच्या गीझरमधील पाणी वापर नसतानाही भिंतींतून उष्णता गमावत राहते. या हानीस स्थिर हानी म्हणतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, ही २००२ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था, अशा गीझरांना जे तारे देते ते याच हानीच्या मापावर दिले जातात: पाणी व खोली यांच्या तापमानांत ४५° चा फरक ठेवून २४ तासांत किती युनिटे वाया जातात हे मोजतात. म्हणजे तारे तापवण्याची नव्हे, तापलेले राखण्याची क्षमता सांगतात, आणि गीझर स्नानाआधी वीस-पंचवीस मिनिटे चालू करून लगेच बंद करणाऱ्या घराला पाच ताऱ्यांचा लाभ अगदी थोडा होतो. दिवसभर चालू राहणाऱ्या गीझरमध्ये मात्र तो ठळक असतो. आकाराबाबतही गैरसमज आहे. १५ लिटरच्या गीझरमधले पाणी २०° वरून ६०° पर्यंत तापवण्यास २ किलोवॉटच्या साधनाला सुमारे २१ मिनिटे लागतात आणि त्यात तितकेच विसण, म्हणजे कढत पाण्यात मिसळण्याचे गार पाणी, घातले की ४०° तापमानाचे ३० लिटर पाणी होते. बादलीने स्नान करणाऱ्या घराला २५ लिटरची टाकी म्हणूनच सहसा अनाठायी ठरते. तत्काळ गीझरमध्ये साठवण जवळजवळ नसल्याने स्थिर हानीही नगण्य असते, परंतु ३ किलोवॉटचा असा गीझर पाण्याचे तापमान २०° नी वाढवत मिनिटाला दोन लिटरांहून थोडेच अधिक पाणी देऊ शकतो, जे बादलीस चालते व शॉवरला अपुरे पडते.

विजेची शंभर टक्के वाटणारी कार्यक्षमता घराच्या मीटरपासून पुढची आहे. भारतात वीज मुख्यतः कोळशापासून होते, आणि कोळशातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेच्या रूपाने बाहेर पडतो. उच्च दर्जाच्या विजेचे पुन्हा केवळ उष्णतेत रूपांतर करणे हा ऊर्जेचा सर्वांत उधळा वापर होय. देशातील वीजजाळ्यातून मिळणाऱ्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. ग्राहकाला तो दिसत नाही, बिल मात्र दिसते: महावितरणचे घरगुती दर १००, ३०० व ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात, आणि थंडीत गीझरमुळे वाढलेली युनिटे नेमकी वरच्या, महाग टप्प्यात पडतात. म्हणून बचतीचा हिशेब सरासरी दराने न करता शेवटच्या युनिटाच्या दराने करावा.

द्रवरूप पेट्रोलियम वायूच्या एका किलोग्रॅममध्ये सुमारे १२.८ युनिटांइतकी ऊर्जा असते. गॅस गीझर तिच्यातील ८० टक्क्यांच्या आसपास पाण्यात उतरवतो असे धरल्यास १४.२ किलोग्रॅमच्या एका सिलिंडरमधून सुमारे १४५ युनिटे उपयुक्त उष्णता, म्हणजे वरील हिशेबाच्या तीनशेंहून अधिक बादल्या, मिळतात. सिलिंडरच्या चालू किमतीला १४५ ने भागून येणारी रक्कम विजेच्या वरच्या टप्प्यातील दराशी ताडून पाहिली की खर्चाचा निवाडा होतो. कार्बन उत्सर्जनही रोधाच्या विजेपेक्षा निम्म्याहून कमी असते.

तथापि गॅस गीझरची निवड खर्चाच्या आधी हवेवर ठरली पाहिजे. लंडनमध्ये १८६८ साली बेंजामिन वॉडी मॉन यांनी ‘गीझर’ या नावाने जे गॅसवरील साधन आणले त्याला ज्वलनवायू बाहेर नेणारे नळकांडे नव्हते, आणि तोच धोका आज भारतीय न्हाणीघरांत पुन्हा उभा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी देणाऱ्या गीझरची ज्योत १२ किलोवॉटच्या आसपास असते व दर दहा मिनिटांना ती सुमारे दोन घनमीटर हवेतील प्राणवायू वापरते. सदनिकेतील लहान न्हाणीघरात एकूण हवाच सहा-सात घनमीटर असते. प्राणवायू कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने जोडला जातो. माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो. थंडीत खिडकीची काच लावून घेतली जाते आणि मृत्यू घडतात. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत बसवूच नये; तो बाहेरच्या उघड्या सज्जात बसवून तेथून फक्त गरम पाण्याची नळी आत आणावी. अशी जागा नसेल तर हे साधन त्या घरासाठी नाही.

महाराष्ट्राच्या हवामानाला सर्वांत साजेसे साधन सौर जलतापक हे होय. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील क्लॅरन्स केम्प यांनी १८९१ मध्ये काळ्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवून केलेल्या अशा साधनाचे एकस्व घेतले होते. आजच्या साधनात ऊन शोषणारा संग्राहक आणि उष्णतारोधक आवरणाची टाकी असे दोन भाग असतात. तापलेले पाणी हलके होऊन संग्राहकातून टाकीत चढते व जड गार पाणी खाली येते. या पंपाविना चालणाऱ्या अभिसरणास उष्मानिनाल म्हणतात. त्यासाठी टाकी संग्राहकाच्या वर आणि गार पाण्याची मुख्य टाकी त्याहून वर हवी. संग्राहक दक्षिणाभिमुख असावा व त्याचा कल स्थानिक अक्षांशापेक्षा १०° ते १५° अधिक असावा, कारण हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि गरम पाण्याची गरजही त्याच काळात असते. दोन चौरस मीटरच्या संग्राहकावर स्वच्छ दिवशी सुमारे १० युनिटे ऊन पडते. त्यातील निम्मे पाण्यात उतरले तरी १०० लिटर पाणी २०° वरून ६०° च्या आसपास जाते, म्हणजे शॉवर न वापरणाऱ्या पाच-सहा जणांची सोय होते.

संग्राहक दोन प्रकारचे मिळतात. सपाट संग्राहकात काळ्या लेपाच्या धातुपत्र्याला तांब्याच्या नळ्या जोडून वर कडक काच बसवतात. तो टिकाऊ असतो, पण क्षारयुक्त पाण्याने त्याच्या अरुंद नळ्या तुंबतात. निर्वात नळ्यांच्या संग्राहकात दुहेरी काचेच्या भिंतींमधील हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे उष्णता बाहेर निसटत नाही आणि गार वाऱ्यातही तो चांगला तापतो. तो स्वस्त आहे, परंतु काच नाजूक असते, त्यामुळे महाबळेश्वरसारख्या वानरांच्या वस्तीच्या गावांत सपाट प्रकारच घ्यावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, सलग ढगाळ दिवसांत दोन्ही अपुरे पडतात व टाकीतील पूरक विद्युत्‌ तार वापरावी लागते. ती संध्याकाळी चालू ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. तापलेले पाणी रात्रभर उष्णता गमावते आणि न वापरलेले पाणी दुसऱ्या दिवशीच्या उन्हाला वाव ठेवत नाही. ती पहाटे व गरजेपुरतीच चालवावी. पुणे महानगरपालिका अशा साधनांसाठी मिळकत करात सवलत देत आली आहे, तरी बहुमजली इमारतीत खरा अडथळा गच्चीच्या सामाईक मालकीचा आणि लांब नळांचा असतो. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळात दर मीटरला जवळजवळ अर्धा लिटर पाणी मावते. चौथ्या मजल्यावरील गच्चीतून तळमजल्यावर येणाऱ्या १५ मीटर नळातले सात लिटर गार पाणी आधी ओतून द्यावे लागते आणि शेवटचे तितकेच गरम पाणी नळात निवून जाते. उष्णतारोधक वेष्टनाने दुसरी हानी घटते, पहिली फक्त नळ आखूड व बारीक ठेवल्याने घटते.

उष्णता पंप हे उलट बाजूने वापरलेले शीतकपाट होय: तो वीज खर्चून उष्णता निर्माण करत नाही, तर भोवतालच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे एका युनिट विजेत तीन ते चार युनिटे उष्णता मिळते. हवा जितकी उबदार व दमट तितके हे गुणोत्तर चढते, कारण बाष्प निवताना आपली सुप्त उष्णताही देते. म्हणून सौर साधनाला दगा देणारा कोकणचा पावसाळा या पंपाला मानवतो. जपानमध्ये २००१ पासून कार्बन डायऑक्साइड हाच शीतक वापरणारे घरगुती पंप विकले जातात. भारतात किंमत जास्त असल्याने लहान कुटुंबाची बादलीभर गरज त्याचा खर्च लवकर भरून काढत नाही. मोठी कुटुंबे, वसतिगृहे आणि रुग्णालये येथे त्याचे स्थान पक्के आहे.

छतावरील सौर वीज हा पर्याय पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेमुळे, २०२४ पासून, सामान्य घरांच्या आवाक्यात येत आहे. तीत ३ किलोवॉट व त्यापुढील संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. सौर पट्टी उन्हाच्या सुमारे पाचव्या भागाचीच वीज करते, म्हणून ती वीज साध्या गीझरला देणे संग्राहकापेक्षा कितीतरी तोट्याचे दिसते. पण तीच वीज उष्णता पंपाला दिल्यास दोन चौरस मीटर पट्टीतून मिळणारी उष्णता तेवढ्याच संग्राहकाच्या तोडीची होते. शिवाय मे महिन्यात संग्राहकातील गरम पाण्याला गिऱ्हाईक नसते, वीज मात्र वीजजाळ्यात जाऊन बिलातून वजा होते. मोकळी गच्ची असलेल्या नव्या घरासाठी ही जोडी भविष्यात सौर जलतापकाला मागे टाकील असे मानण्यास आधार आहे. आज मात्र मर्यादित पैशात आणि कमी जागेत जलतापकच उजवा ठरतो.

साधन कोणतेही असो, दख्खनच्या बेसाल्ट खडकातील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांनी युक्त, असते आणि ६०° च्या वर हे क्षार वेगाने साका धरतात. साक्याचा थर उष्णता अडवतो, तार अधिक तापते व अखेर जळते. जड पाण्याच्या गावात गीझरचा नियंत्रक ५५° ते ६०° दरम्यान ठेवावा. याहून फार खाली, २५° ते ४५° च्या पट्ट्यात, साठलेले पाणी दिवसेंदिवस राहिले तर लेजिओनेला जिवाणू वाढण्याचा धोका असतो. जड पाण्याच्या गावात सौर साधन घ्यायचे झाल्यास संग्राहकात वेगळे शुद्ध पाणी फिरवून त्याची उष्णता नळाच्या पाण्याला देणारा उष्णता-विनिमयकाचा प्रकार निवडावा. गीझरच्या टाकीत गंज स्वतःवर घेणारा मॅग्नेशियमचा दंड बसवलेला असतो; जड वा खाऱ्या पाण्यात तो झपाट्याने झिजतो, आणि तो दरवर्षी पाहून वेळेवर बदलला नाही तर टाकीचा पोलादी पत्राच पोखरला जातो.