संगणकीय न्यायसहायक तपास
संगणक, भ्रमणध्वनी, कॅमेरा इ. साधनांतील माहिती न्यायालयात ग्राह्य ठरेल अशा रीतीने शोधणे, जतन करणे व तिचा अर्थ लावणे, या कार्यास संगणकीय न्यायसहायक तपास म्हणतात. भारतात त्यास वैधानिक आधार माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने मिळाला. हा अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला व त्यामुळे भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ यात कलम ६५ ब समाविष्ट झाले. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र जोडण्याची तरतूद त्यात होती.

या प्रमाणपत्राचे महत्त्व महाराष्ट्रातील एका निवडणूक याचिकेने स्पष्ट केले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मते अधिक मिळवून विजयी झाले. खोतकरांचे नामनिर्देशनपत्र दुपारी ३ ची मुदत टळल्यावर दाखल झाले, असा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण सीडींवर न्यायालयात आले. परंतु वारंवार मागणी करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी हा निकाल अन्य पुराव्यांच्या आधारे कायम ठेवला. मात्र मूळ साधन हजर केलेले नसल्यास प्रमाणपत्र अनिवार्य होय, असा निर्णय दिला. ते मिळविण्यासाठी शक्य ते सर्व करूनही ज्याला यश आले नाही, अशा पक्षकारास या अटीतून सूट मिळू शकते, असेही न्यायालयाने म्हटले.

म्हणून पक्षकारासाठी तपासाची आखणी करताना सिद्ध करावयाचा मुद्दा, तो ज्यांत सापडेल ती साधने आणि ती ज्यांच्या ताब्यात आहेत त्या व्यक्ती प्रथम निश्चित करतात. कालांतराने आपोआप पुसल्या जाणाऱ्या नोंदींची मागणी तत्काळ व लेखी करणे इष्ट असते. मूळ साधनावर काहीही लिहिले जाणार नाही अशी व्यवस्था करून त्याची तंतोतंत प्रत काढतात व परीक्षण प्रतीवरच करतात. मूळ व प्रत यांचे हॅश मूल्य जुळल्यास त्यांची एकरूपता सिद्ध होते. साधनातील घड्याळ किती मागेपुढे आहे हे नोंदवितात. कारण जालन्याप्रमाणे काही वादांचा निकाल मिनिटांवर अवलंबून असतो. साधन कोणाकडून कोणाकडे व केव्हा गेले, याची नोंद अखंड ठेवतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य नमूद करावे लागते व तज्ञाचीही स्वाक्षरी लागते. परिणामी, पूर्वी केवळ प्रयोगशाळेची शिस्त मानली जाणारी ही पद्धती आता कायद्याचाच भाग बनली आहे.