सात मिनिटें बोलणें, तीन मिनिटें मौन

इंग्लंडांतील चेम्सफर्ड हें नगर मार्कोनीच्या कारखान्यामुळें नभोवाणीचें माहेरघर म्हणून ओळखलें जातें. तेथील सँडफर्ड मिल या पदार्थसंग्रहालयांत आम्ही गेलों, तेव्हां एखादें भव्य यंत्र पाहावयास मिळेल अशी आमची अपेक्षा होती. परंतु आमचें पाऊल थबकलें तें एका जुन्या लांकडी बराकीपुढें! पूर्वी ही रिटल गांवच्या एका शेतांत उभी होती, आणि हिच्यांतूनच १४ फेब्रुवारी १९२२ रोजीं ब्रिटनमधील करमणुकीच्या नियमित नभोवाणीस आरंभ झाला. पीटर एकर्सली हा तिचा विनोदी सूत्रधार.

यंत्रांची कथा पुष्कळांनीं सांगितली आहे. आम्हांस तेथें आठवली ती परवानगीची कथा. १५ जून १९२० रोजीं विख्यात गायिका नेली मेल्बा यांचें गायन चेम्सफर्डहून प्रक्षेपित झालें व तें दूरदूरच्या देशांत ऐकूं गेलें. लोक हरखले, सरकार मात्र बिथरलें. महत्त्वाच्या संदेशांस अडथळा होतो, या सबबीवर त्याच वर्षीं असे कार्यक्रम बंद पाडण्यांत आले. पुढें रिटलला परवाना मिळाला, तोहि दर मंगळवारीं अर्ध्या तासाचा. आणि त्यांतहि सात मिनिटें बोलल्यावर तीन मिनिटें गप्प राहून, थांबण्याचा हुकूम येतो कीं काय, हें ऐकत बसण्याची अट!

त्या तीन मिनिटांचा विचार करतां करतां आमच्या मनांत मुंबई उभी राहिली. तेथील केंद्राचें उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनीं केलें. तें चालविणारी खाजगी कंपनी १९३० सालीं बुडाली व कारभार सरकारच्या हातीं गेला. १९४२ च्या चळवळींत वृत्तपत्रांवर निर्बंध आले, तेव्हां याच शहरांत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं परवान्यावांचून काँग्रेस रेडिओ चालविला. पोलिसांस सुगावा लागूं नये म्हणून जागा वारंवार बदलाव्या लागत. अखेर १२ नोव्हेंबर रोजीं बावीस वर्षांच्या उषाबेनना अटक झाली व पुढें चार वर्षांची शिक्षा झाली.

कोठें तीन मिनिटें, कोठें चार वर्षें! दोहोंस एकाच तराजूंत घालणें अन्यायाचें होईल, हें आम्ही जाणतों. स्वतंत्र देशांत जी सावधगिरी, तीच परतंत्र देशांत दडपशाही होते. तरीहि भिंती ओलांडून घराघरांत शिरणाऱ्या आवाजाची सत्तेस वाटणारी धास्ती दोन्हीकडे सारखीच दिसते. पदार्थसंग्रहालयांत यंत्रें जपतां येतात. लादलेलें मौन मांडून ठेवण्यास तेथें कपाट नसतें. तें स्मरणांत ठेवण्याचें काम पाहणारावरच येऊन पडतें.