चित्रकोड्याच्या रीतीचे अध्यापन : वर्गातील सहकार्याच्या एका प्रयोगाचा इतिहास

मुलांना सहकार्य शिकवावे, याविषयी शिक्षणशास्त्रज्ञांत सहसा मतभेद आढळत नाही. मतभेद आहे तो साधनाविषयी. सहकार्याची वृत्ती उपदेशाने बाणते, सहवासाने बाणते, की आणखी कशाने, या प्रश्नाचा विचार विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रयोगाच्या मार्गाने होऊ लागला. या विचाराच्या वाटेवर तुकडे जुळवून पुरे करावयाच्या कोड्याला अनपेक्षित महत्त्व आले. त्या वाटेचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष आरंभीच सांगणे सोयीचे होईल. मुले एकमेकांशी कशी वागतात हे त्यांना केलेल्या उपदेशापेक्षा त्यांच्यापुढे ठेवलेल्या कामाच्या रचनेवर अधिक अवलंबून असते.

तुकड्यांचे कोडे हे मूळचेच अध्यापनाचे साधन होय. १७६० च्या दशकात लंडन येथील जॉन स्पिल्सबरी या नकाशाकाराने लाकडी फळीवर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमारेषांवरून कापले आणि भूगोल शिकण्याचे साधन म्हणून विकले. या कोड्याचे सर्व तुकडे एकाच मुलाच्या हाती असत व ते एकट्याने जुळविता येत. तेच तुकडे निरनिराळ्या हातांत वाटून दिले तर काय होईल, हा प्रश्न फार पुढच्या काळातील आहे.

तो प्रश्न कुर्ट लेविन यांच्या शिष्यवर्गात आकारास आला. लेविन हे नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून १९३३ मध्ये अमेरिकेत आले आणि १९४५ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत त्यांनी समूहगतिकीचे संशोधन केंद्र स्थापिले. त्यांचे शिष्य मॉर्टन डॉइश यांनी तेथील विद्यार्थ्यांचे पाच-पाच जणांचे गट करून त्यांना कोडी आणि मानवी संबंधांविषयीचे प्रश्न सोडवावयास दिले. निम्म्या गटांत श्रेय सर्व गटाला समान मिळावयाचे होते. उरलेल्या गटांत एकाचा क्रम वर गेला की दुसऱ्याचा खाली यावयाचा होता. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या प्रकारच्या गटांत परस्परांचे ऐकून घेणे, मैत्रीभाव व कामाचा दर्जा ही तिन्ही अधिक आढळली. माणसे तशीच होती. बदलली होती ती केवळ श्रेयाची वाटणी.

लेविन यांचे दुसरे शिष्य ॲलेक्स बव्हेलास यांच्या नावावर असलेले ‘पाच चौरसांचे कोडे’ पुढे शाळांतूनही रूढ झाले. पाच जणांना कागदाचे काही तुकडे देण्यात येतात. प्रत्येकापुढे सारख्या आकाराचा एकेक चौरस तयार झाला म्हणजे कोडे सुटले. या खेळात बोलावयाचे नाही, खुणा करावयाच्या नाहीत आणि दुसऱ्याचा तुकडा मागावयाचा अथवा उचलावयाचा नाही. आपल्याजवळचा तुकडा दुसऱ्यास देणे एवढेच करता येते. खेळाचे मर्म असे की, काही तुकड्यांचा चौरस चुकीच्या जुळणीनेही होतो. परंतु तो तसाच राहिला तर इतरांचे चौरस कधीच पुरे होत नाहीत. ज्याचे काम झाले असे वाटते त्याला इतरांकडे पाहून आपला पुरा झालेला चौरस मोडावा लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एलिझाबेथ कोहेन यांनी गटकार्याची पूर्वतयारी म्हणून अशाच धर्तीच्या ‘तुटलेल्या वर्तुळां’च्या खेळाची शिफारस केली.

हे सर्व खेळ अभ्यासक्रमाच्या बाहेरचे होते. कोड्याचे तत्त्व प्रत्यक्ष पाठ्यविषयाला लागू करण्याची निकड निर्माण झाली ती अमेरिकेतील वर्णभेदाच्या प्रश्नामुळे. १७ मे १९५४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णाच्या आधारे सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरविले. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहाच्या स्वरूपावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, निव्वळ संपर्काने पूर्वग्रह ओसरत नाहीत. त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि अधिकारी संस्थांचे पाठबळ आवश्यक असते. त्याच उन्हाळ्यात मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमातील एका शिबिरात मुलांच्या दोन गटांत स्पर्धेतून वैर कसे वाढते आणि दोघांनाही एकमेकांवाचून न साधणारे काम पुढे आले म्हणजे ते कसे निवळते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला. शेरीफ यांच्या प्रयोगपद्धतीवर पुढे गंभीर आक्षेप घेण्यात आले. तथापि त्या काळी या विचाराचा प्रभाव मोठा होता.

टेक्सासमधील ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने शाळांचे एकत्रीकरण झाले. त्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. पूर्व ऑस्टिनमधील अँडरसन आणि कीलिंग या कृष्णवर्णीयांच्या दोन जुन्या शाळा बंद करण्यात आल्या आणि तेथील मुलांना बसगाड्यांतून दूरच्या शाळांत पाठविण्यात आले. श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली, आणि थोड्याच काळात मारामाऱ्या सुरू झाल्या. शाळाखात्यातील अधिकारी मॅथ्यू स्नॅप यांनी आपले पूर्वीचे अध्यापक, टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरॉन्सन यांना साहाय्यार्थ बोलाविले.

ॲरॉन्सन व त्यांचे विद्यार्थी प्रथम पाचवीच्या वर्गांत जाऊन केवळ निरीक्षण करीत बसले. शिक्षकाने प्रश्न विचारला की काही हात वर होत. एकाला बोलाविले की उरलेल्यांची निराशा होई, आणि तो चुकला की त्यांना आनंद होई. ज्यांना उत्तर येत नसे ती मुले नजर चुकवून खाली पाहत. अपुऱ्या साधनांच्या शाळांतून आलेली आणि घरी स्पॅनिश बोलणारी मुले या शर्यतीत आरंभापासूनच मागे होती. मुले एका छताखाली आली होती, परंतु वर्गाची घडण अशी होती की दुसऱ्याचे अपयश हीच आपली संधी ठरावी. ऑलपोर्ट यांच्या अटींपैकी न्यायालयाचा आदेश तेवढा उपलब्ध होता. उरलेल्या तिन्ही नव्हत्या.

यावर योजलेला उपाय दिसावयास साधा होता. पाच-सहा मुलांचे मिश्र गट करावयाचे आणि पाठाचे तितकेच भाग पाडावयाचे. उदाहरणार्थ, वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचे सहा परिच्छेद करून प्रत्येक मुलाला एकच द्यावयाचा. मुलाने आपला भाग वाचावयाचा. मग इतर गटांत तोच भाग मिळालेल्या मुलांबरोबर बसून तो पक्का करावयाचा. नंतर स्वतःच्या गटात परत येऊन तो इतरांना शिकवावयाचा. शेवटी परीक्षा प्रत्येकाची स्वतंत्र, आणि ती संपूर्ण चरित्रावर. मधली पायरी विशेष महत्त्वाची होती; तिच्यामुळे वाचनात कच्चे असलेले मूलही गटापुढे तयारीने येऊ शके. चित्रकोड्यातील तुकड्याप्रमाणे प्रत्येक मुलाजवळ असे काही होते की ज्यावाचून चित्र पुरे होऊ नये.

पहिल्या दिवसांत ही रीत सुरळीत चालली नाही. प्रयोगकर्त्यांनी ‘कार्लोस’ असे नाव देऊन एका मुलाची हकीकत नोंदविली आहे. इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा. आपला भाग सांगताना तो अडखळला, तेव्हा इतर मुलांनी त्याची टर उडविली. देखरेख करणाऱ्या साहाय्यकाने नीतिपाठ दिला नाही. पुलित्झरच्या आयुष्याचा तो भाग कार्लोसखेरीज कोणाकडून कळणार नाही आणि परीक्षा जवळ आली आहे, एवढेच त्याने लक्षात आणून दिले. काही दिवसांत मुले कार्लोसला नेमके प्रश्न विचारू लागली. प्रश्न सुधारले तशी त्याची उत्तरेही सुधारली. येथे सौजन्य आधी व गरज मागून, असा क्रम नव्हता. आधी गरज आली, तिने ऐकण्याची सवय लावली आणि सवयीतून आदर उपजला.

या प्रयोगांची मोजदादही झाली. सुमारे सहा आठवड्यांच्या कामानंतर मुलांना आपले गटसोबती अधिक आवडू लागल्याचे व त्यांचा आत्मविश्वास वाढल्याचे दिसून आले. ११ वर्गांतील ३०३ विद्यार्थ्यांच्या, १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्पसंख्य मुलांचे गुण या रीतीने वाढले, आणि श्वेतवर्णीय मुलांचे घटले नाहीत, असे आढळले. डायान ब्रिजमन यांनी परदृष्टीचे आकलन तपासले. एका चित्रकथेत वडिलांना विमानतळावर निरोप दिलेला मुलगा नंतर टपालाने आलेले खेळण्यातले विमान पाहून रडू लागतो. ते टपाल आणणाऱ्या माणसाला काय वाटले असेल, हा प्रश्न. सामान्यतः मुले स्वतःला ठाऊक असलेले कारण त्यालाही ठाऊक आहे असे मानतात. आठ आठवडे या रीतीने शिकलेल्या मुलांपैकी अधिकांना, त्याला कारण कळणार नाही, हे उमगले.

पुढील संशोधनाने या उत्साहाला मर्यादा घातली. १९८३ मध्ये जोएल मॉस्कोवित्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मूल्यमापनात अपेक्षित परिणाम आढळले नाहीत. सर्व शिक्षकांनी ही रीत काटेकोरपणे पाळली नव्हती, हेही त्यातून दिसले. रॉबर्ट स्लाव्हिन यांनी सर्वांनी संपूर्ण पाठ वाचावा आणि प्रत्येकाच्या प्रगतीची भर गटाच्या गुणांत पडावी, अशी सुधारणा केली. एका मुलाचे कच्चे शिकविणे साऱ्या गटाला भोवू नये, हा त्यामागील हेतू. शिवाय, बंद झालेल्या शाळांची आणि लांबच्या प्रवासाची भरपाई वर्गातील कोणत्याही रीतीने होणारी नव्हती. शासनाच्या धोरणातील अन्याय अध्यापनपद्धतीने दूर होतो, असे मानणे हे तिच्यावर न पेलणारे ओझे घालणे होय.

या मर्यादा मान्य करूनही या इतिहासातून एक गोष्ट हाती राहते. स्पिल्सबरीच्या नकाशात आणि ऑस्टिनच्या वर्गात तत्त्व एकच आहे : तुकड्याला अर्थ येतो तो शेजारच्या तुकड्यामुळे. फरक इतकाच की, दुसऱ्या ठिकाणी शेजारचा तुकडा एका वेगळ्या मुलाच्या हातात आहे आणि तो मिळविण्याचा मार्ग त्याचे ऐकून घेणे हाच आहे. ज्या समाजात निरनिराळ्या थरांतील मुले एका वर्गात येऊनही एकमेकांना परकीच राहतात, तेथील शिक्षकाने, मुलांना सहकार्याविषयी काय सांगावे, याआधी आपण दिलेले काम त्यांना एकमेकांवाचून करता येते काय, हा प्रश्न स्वतःस विचारणे अगत्याचे आहे.