वेलांटी कोण सरकवते?

'गोंदिया' या शब्दातली वेलांटी 'द'च्या डावीकडे बसते, उच्चारात मात्र ती 'द'नंतर येते. संगणकाच्या स्मृतीत युनिकोडनुसार उच्चाराचाच क्रम असतो : ग, ओकार, अनुस्वार, द, वेलांटी, य, काना. एकूण सात चिन्हे. म्हणजे पडद्यावर दाखवताना वेलांटी कोणीतरी उचलून डावीकडे न्यायला हवी. ब्राउझरमध्ये ही जबाबदारी त्याच्या इंजिनाची, म्हणजे पानाचा मजकूर वाचून तो पडद्यावर मांडणाऱ्या भागाची असते.

१९९० च्या दशकात ही सोय नव्हती. तेव्हा मराठी संकेतस्थळांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार भरलेले स्वतःचे फॉन्ट वापरले. फॉन्ट नसला की पानभर रोमन अक्षरांचा नुसता काला! गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याला वर्ष होण्याआधीच, फेब्रुवारी २००० मध्ये, विंडोज २००० बाजारात आले. वेलांटी सरकवणारा 'युनिस्क्राइब' हा भाग त्यात होता, आणि कवी व अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फॉन्टही. (मंगल हे त्यांच्या पत्नीचे नाव.)

दरम्यान इंजिन ब्राउझरच्या बाहेरही वापरले जाऊ लागले होते. १९९६ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ३ पासून कोणताही प्रोग्रॅम आपल्या खिडकीत एक चौकट राखून तिच्यात हे इंजिन बसवू शकत असे. प्रोग्रॅम लहान राही, कारण इंजिन विंडोजचे, उसने. पण उसन्याला अटी असतात. पुढे संगणकावर एक्सप्लोरर ११ असले, तरी मुद्दाम सांगितल्याशिवाय चौकटीतले इंजिन २००६ च्या सातव्या आवृत्तीसारखेच वागे. विंडोज एक्स-पीमध्ये भारतीय लिप्यांची सोय वेगळी सुरू करावी लागे. ती न केल्यास अनेक प्रोग्रॅममध्ये वेलांटी 'द'च्या उजवीकडेच लटकत राही. अशा एका यादीतला 'गोंदिया' पाहून मी टंकलेखकाला बोल लावले होते. त्या बिचाऱ्याने सातही चिन्हे बरोबर टंकली होती.

दुसरा मार्ग मुक्त इंजिनांमुळे खुला झाला. केडीई प्रकल्पाच्या केएचटीएमएलवरून ॲपलने वेबकिट घडवले, त्यातून २०१३ मध्ये गूगलचे ब्लिंक निघाले. त्याच वर्षी आलेल्या, पुढे 'इलेक्ट्रॉन' म्हणून ओळखल्या गेलेल्या चौकटीने प्रत्येक प्रोग्रॅमसोबत अख्खे इंजिनच द्यायला सुरुवात केली. वेलांटी सरकवणारे 'हार्फबझ' त्यातच असते, त्यामुळे या कामासाठी विंडोजवर अवलंबून राहावे लागत नाही. मात्र साधी टिपणवहीसुद्धा शंभर एमबीच्या पुढे जाते. एक पत्र पोचवायला गोंदिया जंक्शनवरून मालगाडी सोडावी, तसेच हे! मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये 'वेबव्ह्यू २' आणून पुन्हा सामाईक इंजिनाची वाट धरली, पण आता तेही ब्लिंकच.

संगणक कक्षात विद्यार्थ्यांना 'गोंदि' एवढेच टंकायला सांगावे आणि खोडण्याची कळ एकदाच दाबू द्यावी. दर्शक उजवीकडे असतो, पण पुसली जाते ती डावीकडची वेलांटी.