शूरांच्या मनातली भीती

इंग्लंड-अमेरिकेतल्या आगबंबवाल्यांत एक अलिखित नेम आहे. पाळीवर असताना 'आज अगदी शांत आहे' असे म्हणायचे नाही. म्हटले की घंटा वाजलीच! धुरात बेधडक शिरणारा हा गडी एका शब्दाला का भितो बरे? हसण्याआधी थोडा विचार करू या.

मालिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ १९१५ ते १९१८ या काळात प्रशांत महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर राहून आले. तिथले कोळी आतल्या शांत पाण्यात मासे धरताना मंत्रतंत्र करीत नसत. खुल्या दर्यावर निघाले की मात्र विधी आलेच. हाताच्या कसबावर भागते तिथे मंत्र लागत नाही. धोका बेभरवशाचा झाला, की मन आधार शोधते.

पुढे १९४८ साली अमेरिकेत स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळतील अशी सोय केली. कबुतराने काहीही करो, दाणे यायचेच. तरी आठांपैकी सहा कबुतरे, त्या वेळी सहज घडलेली हालचालच पुन्हा पुन्हा करू लागली. आपलेही तसेच होते बघा. शब्द उच्चारला आणि घंटा वाजली, ती रात्र ध्यानात राहते. वाजली नाही, त्या रात्री आपण विसरतो. २०१९ साली इंग्लंडमधल्या एका रुग्णालयातील डॉक्टरांनी ६१ दिवस हाच शब्द पारखला. काही दिवस मुद्दाम उच्चारला, काही दिवस टाळला. शब्दाने काम काही वाढले नाही.

मग अशा समजुतीने बिघडते काय? गळ्यातल्या ताइताने धीर येत असेल तर येवो. पण कारण शोधायचे थांबले, की घात होतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीला आग लागली. बोटीत स्फोटके होती, आणि कापसाच्या गाठीही. दोन भयंकर स्फोट झाले. आग विझवताना बंबखात्याचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या दिवसाला 'अशुभ' म्हणून सोडून दिले, तर कापसाशेजारी स्फोटके का भरली, हा प्रश्नच उरत नाही.

गुरुजींनो, गावात गंजी पेटली, विहिरीत कुणी पडले, तर मुलांना एवढेच विचारायला शिकवा : हे कशामुळे झाले, आणि पुन्हा होऊ नये म्हणून आपण काय करायचे?