बाबागाडीचें वजन

इतिहास म्हटला म्हणजे राज्यें, लढाया आणि तहनामे यांचीच आठवण आपणांस प्रथम होते. परंतु घरांतल्या साध्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि कित्येकदां तो राजवंशांच्या इतिहासापेक्षां अधिक बोलका असतो. अशाच एका वस्तूविषयीं आज मी चार शब्द सांगणार आहें. ती वस्तु म्हणजे बाबागाडी. आणि तींतही विशेषेंकरून प्रवासांत बरोबर नेतां येईल अशी हलकी, घडीची बाबागाडी.

लहान मुलाला लाडानें ‘बाबा’ म्हणण्याची रीत आपल्याकडे आहेच, आणि बाबागाडी हें नांव त्या रीतीला साजेसें आहे. आपला जुना पांगुळगाडा मात्र निराळा. पांगुळगाडा मूल स्वतः ढकलतें आणि त्याच्या आधारानें चालावयास शिकतें. बाबागाडींत मूल बसतें आणि ढकलण्याचे श्रम दुसरें कोणी तरी करतें. हें ‘दुसरें कोणी’ कोण, एवढा एकच प्रश्न मनाशीं धरला म्हणजे बाबागाडीचा सगळा इतिहास उलगडत जातो. गाडी जड असावी कीं हलकी, हें आजवर गाडींत बसणाऱ्या मुलानें ठरविलेलें नाहीं. तें ठरत आलें आहे तिचें ओझें कोणाच्या अंगावर पडतें यावरून.

या इतिहासाचा आरंभ बहुधा इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांतल्या चॅट्सवर्थ येथील वाड्यापासून करतात. डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठीं विल्यम केंट या नामांकित वास्तुशिल्पकारानें १७३३ सालीं एक लहानशी गाडी योजिली. तिची बैठक शिंपल्याच्या आकाराची होती, आणि ती शेळीनें किंवा एखाद्या लहानशा तट्टानें ओढावी अशी योजना होती. ही गाडी मुलांच्या करमणुकीची आणि घराण्याच्या वैभवाची वस्तु होती. ओढावयास जनावर, त्याला धरावयास नोकर, आणि फिरावयाची वाट म्हणजे वाड्याचीच बाग! तेथें वजनाचा विचार कोणाच्या मनांत येण्याचें कारणच नव्हतें.

पुढें शंभर वर्षांनीं, म्हणजे १८३० नंतरच्या काळांत, न्यूयॉर्क शहरीं बेंजामिन क्रँडल हा गृहस्थ अशा गाड्या करून विकूं लागला, आणि ड्यूकच्या बागेंतील हें वाहन व्यापाऱ्याच्या दुकानांत आलें. तरीही त्या काळच्या गाड्या बहुतेक पुढून ओढावयाच्याच असत. ओढणाऱ्याची पाठ मुलाकडे. तेव्हां मागें मूल झोपलें आहे, रडत आहे, कीं गाडींतून घसरून पडलें आहे, याचा पत्ता लागावयाचा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गाडीला मागें दांडा बसवून ती ढकलण्याची पद्धति सुरू झाली. या बदलाचें श्रेय सामान्यतः चार्ल्स बर्टन याला देण्यांत येतें. बदल दिसावयास लहान, परंतु त्याचा परिणाम मोठा झाला. मूल प्रथमच गाडी चालविणाराच्या नजरेसमोर आलें, आणि जनावराचें काम माणसाच्या हातांकडे आलें.

याच विचाराचें पुढचें पाऊल म्हणजे बाल्टिमोर येथील विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णी अमेरिकन संशोधकाची युक्ति. १८ जून १८८९ रोजीं त्याला मिळालेल्या पेटंटांत मुलाची बैठक फिरवितां येण्याची सोय होती. मुलाचें तोंड रस्त्याकडे ठेवावें कीं आईकडे, हें त्यामुळें आईच्या इच्छेवर राहिलें. आजच्या दुकानांत ही सोय नवलाईची म्हणून दाखविली जाते. तिला सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं, हें विक्रेत्याला क्वचितच ठाऊक असतें.

इंग्लंडांत मात्र याच सुमारास गाडी अधिकाधिक भारदस्त होत चालली होती. लीड्स शहरीं विल्यम विल्सन यानें १८७७ सालीं जो कारखाना काढला, तो पुढें सिल्व्हर क्रॉस या नांवानें प्रसिद्ध झाला. घोड्याच्या बग्गीप्रमाणें कमानी, मोठालीं चाकें, चकचकीत रंग आणि वर घडीचें छत असा या गाड्यांचा थाट असे. लंडनच्या उद्यानांतून गणवेश घातलेल्या दाया अशा गाड्या ढकलीत चालल्या आहेत, हें त्या काळच्या संपन्न जीवनाचें एक ठरीव चित्र होऊन बसलें. गाडीचा जडपणा हा तेथें दोष नव्हता. उलट जड गाडी खाचखळग्यांवरून संथ चालते आणि आंतलें मूल सुखानें झोपतें. शिवाय ती ठेवावयास दिवाणखान्याबाहेर जागा होती, आणि ढकलावयास पगारी बाई होती. गाडी पसंत करणारी मालकीण निराळी आणि तिचा भार वाहणारी निराळी! जोंपर्यंत ही स्थिति होती, तोंपर्यंत बाबागाडी हलकी करण्याची निकड कोणालाही वाटली नाहीं.

ती निकड विसाव्या शतकानें निर्माण केली. दोन महायुद्धांनंतर इंग्लंडांतील घरगुती नोकरवर्ग झपाट्यानें कमी झाला. मध्यमवर्गीय गृहिणी स्वतःच मूल सांभाळूं लागली, आणि मूल घेऊन स्वतःच बाजाराला, बसला आणि आगगाडीला जाऊं लागली. राहावयाचीं घरें लहान झालीं, जिने आले. पुढें घरोघरीं मोटार आली, पण तिच्या मागच्या पेटींत जागा ती किती! घडीच्या गाड्या त्यापूर्वींही निघाल्या होत्या. परंतु त्यांची घडी म्हणजे एखादी खुर्ची चपटी करावी तशी. उंची कमी होई, रुंदी तशीच राही, आणि वजन तर कांहींच कमी होत नसे. एका हातावर मूल आणि दुसऱ्या हातांत असें धूड घेऊन जिना चढणें, हें ज्या बाईनें केलें असेल तिलाच कळावें.

ही अडचण ज्यानें सोडविली, तो गाड्यांच्या धंद्यांतला मनुष्य नव्हता. ओवेन मॅक्लारेन हा विमानविद्येंतला एंजिनियर होता. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनचें संरक्षण करणाऱ्या स्पिटफायर विमानाच्या उतरावयाच्या चाकांच्या रचनेशीं त्याचें नांव जोडलें जातें. निवृत्तीच्या वयाला पोंचलेला हा गृहस्थ नॉर्थॅम्प्टनशायरमधील बार्बी या खेड्यांत राहत असे. त्याची मुलगी मॉस्कोहून आपलें मूल घेऊन माहेरीं आली, तेव्हां प्रवासांत जड गाडीपायीं तिची झालेली दैना त्याच्या लक्षांत आली. नातवंडाच्या निमित्तानें त्यानें हा प्रश्न हातीं घेतला, आणि १९६५ सालीं आपल्या घडीच्या गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यांवर ताणलेलें कापड, एवढाच तिचा संसार. तिचें वजन अवघें सहा पौंड, म्हणजे सुमारें पावणेतीन किलो होतें.

विमानाचीं चाकें आणि बाबागाडी यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. विमान जमिनीवर टेकतें त्या क्षणीं त्याचा सारा भार त्या चाकांच्या दांड्यांनीं सोसावयाचा असतो. आणि विमान उडालें कीं तेच दांडे दुमडून पंखाच्या अरुंद पोकळींत बसावयाचे असतात. म्हणजे काम पडेल तेव्हां भक्कम, आणि काम नसेल तेव्हां जणूं नाहींच, असे दोन परस्परविरोधी गुण एकाच सांगाड्यांत आणावयाचे! मुलाच्या गाडीकडून प्रवासी आईची अपेक्षा नेमकी हीच असते.

मॅक्लारेननें नळ्या कात्रीसारख्या एकमेकींवरून तिरप्या नेल्या. त्यामुळें गाडी केवळ पुढून मागें चपटी न होतां दोन्ही बाजूंनींही आंत मिटते, आणि छत्रीसारखी लांबट मोळी हातांत उरते. तिच्या मुठीही छत्रीच्या मुठीप्रमाणें वळलेल्या असत. आतां जें इतक्या सहज मिटतें, तें मूल बसलें असतां आपोआप कां मिटत नाहीं? याचें मर्म आडव्या दुव्यांत आहे. गाडी उघडून दुवा पायानें खालीं दाबला, म्हणजे त्याचे दोन भाग सरळ रेषेत येतात आणि त्या रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन अडकतात. मग वरून कितीही भार आला तरी तो दुवा मिटण्याऐवजीं अधिकच घट्ट बसतो. सोडावयाचा झाला तर तो हेतुपुरस्सर वर उचलावा लागतो. विमानाच्या चाकांनाही विमान टेकतेवेळीं असाच पक्का अडसर लागतो.

बार्बी येथील आपल्या घोड्यांच्या पागेंतच मॅक्लारेननें या गाड्या करावयास आरंभ केला. पागा रिकामी होऊन तींत घडीची बाबागाडी यावी, हा योगही सूचक आहे! थोड्याच वर्षांत तिचा प्रसार देशोदेशीं झाला. जेट विमानांचा प्रवास १९५८ पासून वाढीला लागलाच होता. तान्ह्या मुलांसह समुद्रापलीकडे जाणें हें केवळ धनिकांचें काम राहिलें नव्हतें, आणि त्या कुटुंबांबरोबर दाया नव्हत्या. ओझें उचलणारे हातच जेव्हां निवड करूं लागले, तेव्हां दोनशें वर्षें जड राहिलेली गाडी एका पिढींत हलकी झाली.

परंतु इतिहास येथेंच संपविला तर तो अपुरा होईल. हलकेपणाचीही किंमत असते, आणि ती कधीं कधीं मुलाला द्यावी लागते. नोव्हेंबर २००९ मध्यें मॅक्लारेन कंपनीनें अमेरिकेंत विकलेल्या सुमारें दहा लाख गाड्यांबाबत दुरुस्तीची जाहीर सूचना दिली. गाडी उघडतांना बिजागरींत बोट सांपडून त्याचें टोक तुटल्याच्या बारा घटना तेथें नोंदल्या गेल्या होत्या. उपाय म्हणून बिजागऱ्यांवर बसविण्यासाठीं कापडी आच्छादनें पुरविण्यांत आलीं. ज्या कात्रीच्या युक्तीनें आईचे श्रम वांचविले, ती कात्री मुलाच्या बोटाला मात्र कात्रीच ठरली! घडी जितकी चतुर, तितके तिचे सांधे अधिक. आणि सांधे जितके अधिक, तितकी सावधगिरी अधिक हवी.

त्यानंतरही गाडी लहान करण्याची चढाओढ चालूच राहिली. २०१२ सालीं फ्रान्समधील बेबीझेन कंपनीची योयो ही गाडी निघाली. तिची घडी सुमारें ५२ सेंटिमीटर लांब, ४४ रुंद आणि १८ जाड होते, म्हणजे विमानांत डोक्यावरच्या कप्प्यांत मावावी अशा बेतानें ती केलेली आहे. २०१४ सालीं पॉकिट नांवाच्या गाडीनें ३० सेंटिमीटर लांब, १८ रुंद आणि ३५ उंच एवढ्या घडीचा जागतिक विक्रम नोंदविला. आपल्याकडील किती तरी आजी-आजोबा नातवंडें सांभाळण्यासाठीं अमेरिकेस आणि इंग्लंडास जातात. मुंबईंत तर परदेशगमनाचीही गरज नाहीं. लोकलच्या पुलाचा जिना पुरेसा आहे. अशा वेळीं हलक्या गाडीचें मोल काय, हें त्यांना वेगळें सांगावयास नको.

तेव्हां गाडी निवडतांना इतिहासापासून घ्यावयाचा बोध असा कीं, दोन माणसांचा विचार निरनिराळा करावा. पहिला उचलणाराचा. मूल एका हातावर असतां दुसऱ्या हातानें गाडी मिटते कीं नाहीं, घडी आपोआप उलगडत तर नाहीं, आणि ती गाडी घरांतल्या सर्वांत अशक्त माणसाला, म्हणजे पुष्कळदां आजीला, जिन्यावर उचलवते कीं नाहीं, हें दुकानांतच करून पाहावें. विमानानें जावयाचें असल्यास घडीचीं मापें त्या विमान कंपनीच्या नियमांशीं ताडून घ्यावीं, कारण हे नियम सर्वांचे सारखे नसतात.

दुसरा विचार बसणाराचा, आणि त्याला स्वतःला बोलतां येत नाहीं म्हणून तो अधिक काळजीनें करावयाचा. सहा महिन्यांच्या आंतील मुलाला मान व पाठ पुरती सावरतां येत नाहीं. त्याला जवळजवळ आडवें निजवितां येईल अशीच बैठक हवी, आणि पुष्कळशा अति हलक्या गाड्यांत ती नसते. खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणारा पट्टा, पक्का रोध, झांकलेल्या बिजागऱ्या, या गोष्टी पाहाव्या. मुठींना पिशव्या अडकवूं नयेत, कारण हलकी गाडी मागें कलंडावयास तेवढें ओझें पुरतें. लहान चाकें खडबडीत रस्त्यावर अडतात, हेंही ध्यानांत असावें. आणि गाडी उघडतांना वा मिटतांना मूल हातभर दूर असावें, हा नियम तर कधींही मोडूं नये.

ड्यूकच्या शेळीपासून विमानाच्या कप्प्यापर्यंत या गाडीनें जवळजवळ तीनशें वर्षांचा प्रवास केला. एके काळीं तिच्यांत घराण्याच्या ऐश्वर्याचें वजन होतें. तें गेलें, हें चांगलेंच झालें. मुलाच्या सुरक्षिततेचें वजन मात्र तिच्यांतून कमी होऊं देतां कामा नये. तें किती असावें, हें तराजू सांगत नाहीं. तें घेणारानेंच पाहून घ्यावयाचें असतें.